भांग, गांजा, चरस : एका राळेची रूपे व त्यांची नावे

अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठी उभे आहे. मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष कोरलेले असून शिलाहार राजा मम्मुणि याच्याशी मंदिराच्या उभारणीचा संबंध जोडला जातो. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. त्या दिवशी अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या सलग परिसरात जे खाद्यपेयवाचक शब्द कानी पडतात, ते एकाच बोलीचे नसतात. मराठी घरांत उपवासाची रताळी आणि कवठ यांची चर्चा चालते. सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या कल्याण छावणीतून घडलेल्या व १९४९ साली नामकरण झालेल्या उल्हासनगरात 'थाधल' घोटली जाते. हिंदी भाषकांच्या वस्तीत तिचीच बहीण 'ठंडाई' असते. सिंधीत 'थधो' म्हणजे थंड. तेव्हा 'थाधल' आणि 'ठंडाई' ही दोन्ही नावे पेयाच्या गुणावरून पडलेली आहेत. बदाम, खसखस, बडीशेप, वेलदोडा यांच्या या पेयांत भांग असतेच असे नाही. किंबहुना ती बहुधा नसतेच. तथापि शिवरात्र आणि भांग यांची सांगड लोकमानसात इतकी दृढ आहे की, पेला पुढे आला म्हणजे तो साधा की भांगेचा, हा प्रश्न हसत का होईना, पण विचारला जातो.

या प्रश्नात 'भांग' हा शब्द नेमका वापरलेला असतो. त्या ठिकाणी कोणी 'गांजा' म्हणत नाही, 'चरस'ही म्हणत नाही. एकाच वनस्पतीपासून सिद्ध होणाऱ्या या तीन वस्तूंसाठी मराठीने तीन नावे राखून ठेवली आहेत आणि त्यांची क्रियापदेही वेगळी ठेवली आहेत. भांग घोटतात आणि पितात. गांजा मळतात, चिलमीत भरतात आणि ओढतात. भांगेची माजूम मात्र खातात. नामाबरोबर येणाऱ्या क्रियापदावरून वस्तूचे रूप व तिचा उपयोग दोन्ही कळतात. याउलट गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांतून व तपास यंत्रणांच्या निवेदनांतून मराठीत शिरलेले शब्द पाहावेत : शॅटर, वॅक्स, बडर, क्रम्बल, रोझिन, डिस्टिलेट, हॅश ऑइल. या शब्दांना अजून स्वतःचे क्रियापद नाही. ते 'घेणे' किंवा 'मारणे' यांसारख्या सर्वसाधारण क्रियापदांवर निर्वाह करतात. ही नावे कशाची आहेत आणि जुन्या तीन नावांशी त्यांचे नाते काय, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय. प्रश्न केवळ कोशाचा नाही. एखाद्या वस्तूस गांजा म्हणावे की चरस, यावर माणसाच्या आयुष्याची वर्षे अवलंबून असतात. त्याचा विचार पुढे येईल.

प्रथम जुनी विभागणी पाहू. भांगेच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर आणि त्यालगतच्या लहान पानांवर सूक्ष्म ग्रंथियुक्त केस असतात. त्यांच्या टोकाशी चिकट राळ साठते. नशा आणणारे मुख्य द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल (यापुढे टी.एच.सी.), या राळेत असते. मोठ्या पानांत ही राळ थोडी, फुलोऱ्यात पुष्कळ, आणि झाडापासून वेगळी काढली तर ती स्वतःच राळ. पान म्हणजे भांग, फुलोरा म्हणजे गांजा, वेगळी केलेली राळ म्हणजे चरस, अशी ही श्रेणी आहे. नावे झाडाच्या भागावरून पडली असली, तरी भाग बदलला की तीव्रता बदलते. म्हणून ही त्रयी आपोआप तीव्रतेचीही चढती भाजणी ठरते. कोणा रसायनशास्त्रज्ञाने ती बसवली नाही. भाषेने ती वापरातून बसवली. टी.एच.सी.चे पृथक्करण व रचनानिश्चिती इस्रायलमध्ये गाओनी व मेकूलम यांनी १९६४ साली केली, आणि ती झाल्यावर जुनी भाजणी मोडावी लागली नाही.

संस्कृत परंपरेत 'भङ्गा' जुनी आहे. अथर्ववेदात तिचा उल्लेख येतो. पाणिनीच्या पाचव्या अध्यायात शेतवाचक शब्दांची सिद्धी सांगताना तीळ, उडीद व जवस यांच्या ओळीत भांगेचे शेत येते. शेजारी पाहिले तर येथे धाग्याचे व बियांचे पीक अभिप्रेत असावे असे दिसते, नशेचे नव्हे. औषधी अंगाने शार्ङ्गधराने भांग आणि अफू या दोहोंना 'व्यवायी' द्रव्याचे उदाहरण म्हणून घेतले आहे. म्हणजे जे प्रथम सर्व शरीरभर पसरते आणि मग पचते, असे द्रव्य. ही व्याख्या प्रयोगशाळेविना केलेल्या निरीक्षणाची आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. मराठी लोकभाषेने मात्र झाडाला नैतिक अर्थ चिकटवला : 'भांगेत तुळस' म्हणजे वाईट कुळातील सज्जन, आणि उलट 'तुळशीत भांग'. जाता जाता आणखी एक सांगितले पाहिजे. इंग्रजीतील 'हेंप' या शब्दाचे मराठीकरण करताना 'ताग' किंवा 'अंबाडी' लिहिण्याची चूक अद्याप होते. या दोन्ही वनस्पती धाग्यापुरत्या तिच्या सवती आहेत, कुळाने नव्हेत. तागाच्या शेतकऱ्यास असल्या भाषांतराने उगाच संशयात ढकलू नये.

आता राळेच्या पोताकडे वळू. नवे शब्द पोतावरून पडले आहेत आणि जुने झाडाच्या भागावरून, असा भेद वर सूचित झाला. पण पोतावरून नाव देण्याची पद्धत पूर्णतः नवी नाही. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ साली भांगेच्या औषधी उपयोगावर जो निबंध सादर केला, त्यात चरस गोळा करण्याच्या रीती नोंदलेल्या आहेत. मध्य हिंदुस्थानात कातड्याचे कपडे घातलेली माणसे शेतातून झाडांना घासत जोराने फिरत आणि कातड्याला चिकटलेली राळ खरवडून घेतली जाई. नेपाळात हाताने काढलेल्या उत्तम प्रतीच्या चरसास 'मोमिया' म्हणत आणि त्याची किंमत सामान्य चरसाच्या जवळजवळ दुप्पट येई. फारसी 'मोम' म्हणजे मेण. आज अमेरिकेतील दुकानात ज्या द्रव्यास 'वॅक्स' म्हणतात, त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी हिमालयाच्या पायथ्याशी मेणावरूनच नाव पडले होते. दोन्ही नावे एकमेकांवाचून, हाताच्या स्पर्शातून जन्मली.

गांजाचीही अशीच विभागणी होती. ब्रिटिश पार्लमेंटात १८९३ च्या मार्चमध्ये निघालेल्या प्रश्नावरून त्याच वर्षी नेमलेल्या इंडियन हेंप ड्रग्ज कमिशनने १,१९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ साली अनेक खंडांचा अहवाल सादर केला. त्यात चपटा, गोल आणि चूर असे गांजाचे प्रकार येतात. कापलेला फुलोरा पायाखाली तुडवून चपटा होई, पायाने वळून गोल होई, आणि हाताळताना गळलेला तो चूर. चुरात काड्या व पाने कमी आणि राळेचा अंश अधिक, म्हणून तो अधिक कडक मानला जाई. मुंबई इलाख्यात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व सातारा या भागांत गांजाची लागवड होती. चरस मात्र येथला नव्हे. तो यारकंदहून लडाखमार्गे पंजाबात येई. मराठी मुलखात 'चरस' हा शब्द वस्तूपेक्षा अधिक परिचित राहिला, त्याचे हे कारण असावे. कमिशनने मित सेवनाचे दुष्परिणाम जवळजवळ नाहीत, अतिसेवन मात्र घातक, असा निष्कर्ष काढून बंदीऐवजी कर व नियंत्रण सुचवले. हा निष्कर्ष आजही वारंवार उद्धृत होतो. परंतु तो मुख्यत्वे पाल्याच्या व फुलोऱ्याच्या वापराविषयी होता, हे उद्धृत करणारे क्वचितच सांगतात. आजच्या सांद्र अर्कांना तो जसाच्या तसा लावणे म्हणजे ताकाचा अनुभव लोण्यास लावणे होय.

या अर्कांचे पोत का बदलतात, हे मराठी वाचकास समजावून सांगण्यासाठी परदेशी उपमा शोधण्याचे कारण नाही. गुऱ्हाळ आणि स्वयंपाकघर पुरेसे आहे. उसाचा रस, काकवी, गूळ, साखर, खडीसाखर, चिक्की या सर्वांत गोडी एकाच द्रव्याची. भेद पाणी किती उरले, मळी किती राहिली आणि स्फटिक बनले की नाही, एवढ्याचा. कडक पाक न ढवळता पसरून निवू दिला तर तो काचेसारखा पारदर्शक होतो आणि तडकतो. चिक्कीचा पाक असाच असतो. तोच पाक घोटत राहिला तर साखर धरतो, पांढरा व भुसभुशीत होतो. आणि गाढ पाक दीर्घकाळ स्थिर ठेवला तर खडीसाखरेचे खडे जमतात, भोवती दाट रस उरतो. भांगेच्या राळेचे नेमके असेच होते. 'शॅटर' म्हणजे स्फटिक न बनता काचेच्या अवस्थेत गोठलेला अर्क. इंग्रजी नाव तडकण्यावरून आहे. घोटल्याने किंवा उष्णतेने ज्यात सूक्ष्म स्फटिक धरले तो मऊ असल्यास 'बडर' वा 'वॅक्स', कोरडा असल्यास 'क्रम्बल'. 'डायमंड' म्हणून विकले जाणारे खडे म्हणजे खडीसाखरेप्रमाणे जमलेले टी.एच.सी.-आम्लाचे स्फटिक, आणि भोवतीचा सुगंधी द्रव म्हणजे काकवीच्या जागी आलेला 'सॉस'. शॅटर ऊब आणि ओलाव्यात ठेवला तर काही काळाने आपोआप मऊ पडून साखर धरतो. म्हणजे वस्तू तीच, डबी तीच, आणि नाव मात्र बदलले.

पोतावरून तीव्रता ओळखता येत नाही, ही यातील मुख्य गोष्ट आहे. शॅटर स्वच्छ व पारदर्शक दिसतो म्हणून तो शुद्ध, हा समज निराधार होय; काचेसारखा पाकही गढूळ रसाचा असू शकतो. या सर्व प्रकारांत टी.एच.सी.चे प्रमाण साधारणतः ६० पासून ९० टक्क्यांपर्यंत असते. आधुनिक संकरित वाणांच्या फुलोऱ्यात ते बहुधा १५ ते २५ टक्के आढळते आणि पाल्यात याहून पुष्कळ कमी. 'रोझिन' हे नाव तेवढे पद्धतीवरून आहे : केवळ उष्णता व दाब यांनी राळ पिळून काढली जाते, द्रावक वापरला जात नाही. ब्यूटेनसारख्या ज्वालाग्राही वायूने काढलेल्या अर्कांच्या घरगुती खटपटीत अमेरिकेत स्फोट होऊन माणसे भाजल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. उरलेल्या द्रावकाचा प्रश्न वेगळाच. 'डिस्टिलेट' हे ऊर्ध्वपातनाने मिळालेले दाट तेल. त्यात गंध व चव उरत नाही, म्हणून ते खाद्यपदार्थांत आणि विद्युत् धूम्रनलिकांत भरले जाते. अलीकडे मुंबईच्या विमानतळावरील जप्तीच्या बातम्यांत येणारा 'हायड्रो गांजा' यात बसत नाही. तो गांजाच आहे. नाव मातीविना लागवडीच्या रीतीवरून पडले आहे. भाग, पोत, पद्धत, लागवड अशी चार तत्त्वे एकाच यादीत मिसळल्यामुळे वाचकाचा गोंधळ उडतो.

उपयोगाचे अंग थोडक्यात असे. ताज्या राळेत टी.एच.सी. नव्हे, तर त्याचे आम्लरूप असते आणि ते स्वतः जवळजवळ नशा आणत नाही. उष्णता लागली की ते टी.एच.सी. बनते. म्हणून चिलमीत निखारा लागतो आणि म्हणूनच माजूम करताना पाला तुपात तापवतात. टी.एच.सी. पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. भांगेला दुधाची जोड आहे ती नुसत्या चवीसाठी नव्हे. गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या संवादग्रंथात 'बांग' या प्रकरणात साखर व मसाले घालून केलेल्या अवलेहास 'माजू' म्हटले आहे, तीच आपली माजूम. गुजरातच्या सुलतान बहादुरशहास तो सेवन केला की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान येथे जाऊन आल्यासारखे वाटे, अशी आख्यायिका तेथे आहे. हाच तो बहादुरशहा, ज्याने १५३४ साली वसई पोर्तुगीजांस दिली. ओढलेल्या धुराचा परिणाम मिनिटांत जाणवतो. खाल्लेल्या पदार्थाचा अर्ध्या तासापासून दोन तासांनी, आणि तो दीर्घकाळ टिकतो. परिणाम झाला नाही असे समजून दुसरी वडी खाणारा माणूस त्यामुळे फसतो. सांद्र अर्कात ही फसगत अधिक महाग पडते : एका टिचकीत फुलोऱ्याच्या कित्येक पट द्रव्य जाते. तरुण वयातील तीव्र व नियमित सेवनाचा मनोविकारांशी संबंध अनेक अभ्यासांत दिसून आला आहे. दुसऱ्या बाजूस, याच वनस्पतीतील नशा न आणणारे कॅनॅबिडिऑल हे द्रव्य काही दुर्धर अपस्मारांवरील औषध म्हणून अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले. ओशॉनेसी यांनी झटक्यांवर अर्क वापरून पाहिला होता, त्यानंतर हे जवळजवळ १८० वर्षांनी घडले.

आता नावाच्या परिणामाकडे येऊ. आंतरराष्ट्रीय करार (१९६१) व त्यानंतरचा भारताचा १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा यांनी गांजाची व्याख्या फुलांचे वा फळांचे शेंडे अशी केली. शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया वगळल्या. भांग यामुळे व्याख्येबाहेर राहिली आणि तिचे नियमन राज्यांकडे राहिले. चरस म्हणजे कोणत्याही रूपातील, कच्ची वा शुद्ध केलेली, वेगळी राळ. आणि हॅशिश ऑइल या नावाने ओळखला जाणारा सांद्र प्रकारही त्यातच गणला आहे. शॅटर असो, वॅक्स असो वा रोझिन, 'कोणत्याही रूपातील' या शब्दांनी पोताचा भेद कायद्याने एका फटक्यात पुसून टाकला. अल्प प्रमाणाची मर्यादा गांजास १,००० ग्रॅम व चरसास १०० ग्रॅम. व्यापारी प्रमाण गांजाचे २० किलो व चरसाचे १ किलो. म्हणजे ५०० ग्रॅम वस्तू 'गांजा' ठरली तर शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष, आणि 'चरस' ठरली तर दहा वर्षांपर्यंत. शुद्ध टी.एच.सी.ची नोंद यादीत स्वतंत्र असून तिथे अल्प मर्यादा अवघी २ ग्रॅम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हीरा सिंग खटल्यात मिश्रणातील निरुपद्रवी द्रव्याचेही वजन मोजावे असे ठरवल्यावर तर पेढा किंवा चॉकलेट यांचे पूर्ण वजन प्रकरणात येते.

अखेरचा निर्णय रासायनिक परीक्षकाच्या अहवालावर व न्यायालयावर असतो, हे खरे. पण पहिले नाव पंचनाम्यात पडते. मराठी पंचनाम्याची भाषा ठरीव आहे : 'हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, फुले, काड्या व बिया असलेला पाला'. या वाक्यात कायद्याने आत घेतलेले आणि वगळलेले दोन्ही भाग एका दमात येतात. शेंडे वेगळे होते की नाही, सुटी पाने किती होती, हे त्यातून कळत नाही. वजन मात्र सरसकट एक. लेखनिकाचा यात दोष मानता येणार नाही. परंपरेने त्याच्या हाती दिलेला शब्द 'पाला' हाच आहे, आणि बोलीत तो गांजासही चालतो. उलट एखाद्या डबीतील तांबूस लगदा पाहून तोच लेखनिक 'गांजासदृश पदार्थ' लिहितो, कारण राळेसाठी नित्य वापरातला शब्द त्याच्यापाशी नसतो.

तो शब्द मराठीत आहे. सालवृक्षाची राळ आपल्या पूजाघरात व औषधांत परिचित होती. 'भांगेची राळ' असे म्हटले की चरसाचा अर्थ नेमका कळतो. अर्कवाचक शब्दांचीही उणीव नाही. वैद्यकात 'अर्क' हा बहुधा ऊर्ध्वपातनाने काढलेला असतो, तेव्हा तो डिस्टिलेटास द्यावा. 'घन' म्हणजे काढा आटवून कोरडा केलेला भाग, जसा गुळवेलीचा; द्रावक उडवून उरलेल्या गोळ्यास तो शोभतो. 'सत्त्व' शुद्ध केलेल्या घटकास राखावे, म्हणजे टी.एच.सी.-सत्त्व ही स्वतंत्र नोंदीतील वस्तू वेगळी दिसेल. पोतासाठी 'काचराळ', 'मेणराळ', 'भुसराळ' अशी नावे बनवता येतील, पण ती बाजारात चालणार नाहीत, आणि चालावीत असा आग्रहही धरू नये. तिथे शॅटर व वॅक्स हेच राहतील. पंचनाम्यात आणि परीक्षकाच्या अहवालाच्या मराठी अनुवादात मात्र 'राळ', 'शेंडे' आणि 'सुटी पाने' हे तीन शब्द वेगवेगळ्या वजनांसह लिहिले जाणे शक्य आहे. त्यासाठी नवा कोश नको, फक्त छापील नमुन्यात तीन रकाने हवेत.